ट्रम्पला मत देणाऱ्या आपल्या लोकांना झालंय तरी काय?

रॅरिटनकाठचा:
राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान ८ नोव्हेंबर २०१६ ला, म्हणजे आता जेमतेम आठवडा राहिलाय, आणि आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवाळीच्या फराळाऐवजी ट्रम्प चालू आहे. १५ ऑक्टोबरला इथे न्यूजर्सीत, एडिसनच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये रिपब्लिकन हिंदू कोअलिशनचा कार्यक्रम झाला त्याचे व्हिडिओ बघितले असतीलच. ट्रम्पने दिवा लावला, मी हिंदूंचा मोठा फॅन आहे म्हणाला, टाळ्याच टाळ्या. त्याआधी स्टेजवर बॉलिवूडचे नाच चालू असताना लाइटसेबर (त्या 'स्टार वॉर्स'मधल्या उजेडाच्या तलवारी) घेतलेले अतिरेकी येऊन नाचणाऱ्यांवर हल्ला करतात आणि मग अमेरिकन कमांडो येऊन त्यांना वाचवतात असं एक नाटुकलं. शाळेच्या गॅदरिंगला कुणी हे बसवलं असतं तर हेडबाईंनी तालमीतच बंद पाडलं असतं. आता वर ती 'अब की बार ट्रम्प सरकार'वाली जाहिरात आली, आणि त्या एका वाक्यावर एम.एस., पीएचडी झालेली माणसं विरघळली.

माझं म्हणणं एवढंच की तो तुमच्या सभेत तुमच्याबद्दल काय बोलतो ते सोडा, दुसऱ्यांबद्दल काय बोलतो ते बघा. ट्रम्प युनिव्हर्सिटीच्या फसवणुकीच्या केसमधले जज कुरिएल, जन्म इंडियाना राज्यातला, सगळं आयुष्य इथेच गेलं, तरी ट्रम्प जूनमध्ये जाहीर म्हणाला की हा मेक्सिकन आहे म्हणून मला न्याय देणार नाही. आता तुमचा एडिसनमध्ये जन्मलेला मुलगा उद्या जज झाला आणि आडनाव कुलकर्णी असलं तर?

हिशेबी:
झालं का सुरू तुमचं. मी ट्रम्पला मत देणार आणि मला कुणी दिवा लावून पटवलेलं नाही, मी त्या कार्यक्रमाला गेलोही नव्हतो. माझा छोटा बिझनेस आहे, हेल्थ इन्शुरन्स ओबामाकेअरच्या एक्स्चेंजवरून, म्हणजे हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी साइटवरून घेतो. मागच्या सोमवारी सरकारनेच जाहीर केलं ना की पुढच्या वर्षी हेल्थकेअर डॉट गव्हवरचे प्रीमियम सरासरी २५ टक्के वाढणार? तो चेक मला फाडायचाय, तुमच्या कुरिएलला नाही. दुसरं म्हणजे जज स्कॅलिया फेब्रुवारीत गेले, सुप्रीम कोर्टाची एक जागा रिकामी पडून आहे, तिथे कोण बसणार यावर पुढची पंचवीस-तीस वर्षं ठरतील. चार वर्षांच्या तोंडाळपणापेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. आणि बेकायदेशीर आलेल्यांबद्दल तो बोलला की आपल्याला का झोंबतं? आपण रांगेत उभं राहून, फिया भरून, शिक्के मारून घेत आलो ना?

आणि डेमोक्रॅट हिलरीबाईंचं काय? परराष्ट्रमंत्री असताना घरच्या सर्व्हरवर सरकारी इमेल, तीस हजारांवर इमेल 'पर्सनल' म्हणून उडवल्या, एफबीआयच्या प्रमुखाने, कोमीने जुलैमध्ये 'अतिशय निष्काळजी' म्हणून सोडून दिलं. माझ्याकडच्या कुणी क्लायंटचा डेटा असा घरी नेला असता तर संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं. आता शुक्रवारी त्याच कोमीचं काँग्रेसला पत्र, अजून इमेल सापडल्या, त्याही बाईंच्या सहायिकेच्या नवऱ्याच्या, त्या वीनरच्या लॅपटॉपवर!

मिनूची आई:
इमेल इमेल इमेल. ७ ऑक्टोबरला ती टेप आली, स्वतःच्या तोंडाने सांगतोय की मी स्टार आहे म्हणून बायकांना कुठेही हात लावू शकतो, आणि त्याला तुम्ही लोक लॉकर रूममधल्या गप्पा म्हणता? माझा नवरा वीस वर्षं जिमला जातोय, त्याला विचारलं, असल्या गप्पा अजून ऐकल्या नाहीत म्हणाला. सेंट लुईसची डिबेट बघितलीत का नीट? हिलरी उत्तर देतेय आणि हा मागे येऊन घुटमळतोय, खुर्चीला धरून उभा. मीटिंगमध्ये बोलताना असा पाठीशी येऊन उभा राहणारा साहेब ज्या बाईने सोसलाय तिला आवाज बंद करून ती डिबेट दाखवा, कळेल तिला काय चाललंय ते.

हिशेबी:
ताई, टेप घाण आहे, मी कुठे समर्थन करतोय. पण त्याच डिबेटच्या आधी बिल क्लिंटनवर आरोप करणाऱ्या बायका पत्रकारांसमोर बसल्या होत्या त्यांचं काय? त्यांच्या वेळी कुठे होता हा संताप?

मिनूची आई:
बिल उभा आहे का निवडणुकीला? नवऱ्याचं पाप बायकोच्या पदरात, हे आपल्याकडे फार सोपं जातं ना.

सदाशिव पेठेतून:
आम्हाला पुण्यात बसून तुमच्या टेपशी घेणं नाही. पाकिस्तानला डॉलर देणं कोण बंद करेल ते सांगा. डेमोक्रॅट आले की मानवी हक्कांची प्रवचनं ऐकायची, मोदींना व्हिसा नाकारणारे हेच ना?

रॅरिटनकाठचा:
साहेब, मोदींचा व्हिसा २००५ मध्ये नाकारला गेला तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये बुश होते, रिपब्लिकन. अणुकरारही त्यांनीच केला आणि मुशर्रफांना मदतही त्यांनीच दिली. पक्ष बघून भारताचं भलं-बुरं काढता येत नाही. आणि एप्रिलमध्ये डेलावेअरच्या सभेत हाच ट्रम्प कॉल सेंटरमधल्या भारतीयाच्या अॅक्सेंटची नक्कल करून हशा मिळवत होता. सहा महिन्यांत तोच 'अब की बार' म्हणायला लागला.

रांगेतला:
एक गंमत सांगू का, आमच्या टीममध्ये यावर सगळ्यात जोरात भांडणाऱ्या देसी लोकांपैकी एकालाही मत नाही, सगळे माझ्यासारखे एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर), ग्रीनकार्डच्या रांगेत. तरी बोलतो कारण भोगायचं आम्हालाच आहे. मार्चमध्ये डेट्रॉईटच्या डिबेटमध्ये त्याला एच-वनबद्दल विचारलं तर म्हणाला मी माझं मत बदलतोय, हुशार लोक इथे राहायला हवेत, आम्ही खूश, आणि त्याच रात्री कॅम्पेनने पत्रक काढलं की नाही नाही, एच-वनचा गैरवापर बंदच करणार. बरं, डिस्नीवाल्यांची तक्रार खोटी नाहीये. ऑर्लँडोत आयटीच्या लोकांना काढलं आणि जायच्या आधी आपल्याच जागी येणाऱ्यांना काम शिकवायला लावलं. येणारे आपलेच होते. त्या माणसाच्या जागी मी असतो तर मलाही राग आला असता. म्हणून मला हिलरीवालेही पटत नाहीत, ते हा विषयच काढत नाहीत.

डेट्रॉईटची थंडी:
न्यूजर्सीकरांनो, तुमचं भांडण वाचून करमणूक झाली पण तुमच्या मताने काडीचा फरक पडत नाही. न्यूजर्सीत राष्ट्राध्यक्षपदाला १९८८ नंतर रिपब्लिकन जिंकलेला नाही, राज्य जिंकणाऱ्याला मिळणारी तिथली १४ इलेक्टोरल मतं हिलरीच्या खिशात आहेत, तुम्ही एडिसनमध्ये दिवे लावा नाहीतर फटाके. जिंकायला लागणारा २७० इलेक्टोरल मतांचा आकडा कुठून भरणार ते बघायचं तर आमच्याकडे या.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळच्या मॅकोंब काउंटीत राहतो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. ऑफिसला जाताना रस्त्यावरच्या घरांसमोरच्या पाट्या बघतो, ट्रम्प, ट्रम्प, एका गॅरेजवर प्लायवूडवर हाताने रंगवलेला ट्रम्प, मग एखादी हिलरी, परत ट्रम्प. टीव्हीवर सांगतात मिशिगन सेफ आहे. अहो, मार्चच्या प्रायमरीतही, म्हणजे डेमोक्रॅटांचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, सगळे पोल हिलरीला वीसेक टक्क्यांनी पुढे दाखवत होते आणि सँडर्स जिंकला की इथे! का जिंकला? कारण तो नाफ्टावर, म्हणजे मेक्सिको-कॅनडाबरोबरच्या व्यापार करारावर बोलत होता. आणि नाफ्टाच्या कायद्यावर सही केलेला माणूस कोण, तर बिल क्लिंटन. सप्टेंबरमध्ये फोर्डने सांगितलं की छोट्या गाड्या सगळ्या मेक्सिकोत हलवणार. फोर्ड म्हणतंय इथला कुणाचा जॉब जाणार नाही, इथे दुसरी मॉडेल येतील. शॉप फ्लोअरवर यावर कुणाचाही विश्वास नाही.

आमच्याकडे एक टूल अँड डाय मेकर, म्हणजे पार्टचे साचे बनवणारा आहे, डायच्या पृष्ठभागावरून नुसतं बोट फिरवून कुठे ओरखडा आहे ते सांगतो. दोन्ही वेळा ओबामाला मत दिलं त्याने. परवा कॅन्टीनमध्ये म्हणाला, हा माणूस मला आवडत नाही, मुलीसमोर त्याचं नाव काढत नाही, पण निदान माझ्या गावाचं नाव तरी घेतो. हा रेसिस्ट आहे म्हणून सोडून देऊ का मी? हिलरीबाई सप्टेंबरमध्ये म्हणाल्या ना, ट्रम्पचे अर्धे समर्थक टाकाऊ लोक, 'डिप्लोरेबल्स'. माफी अर्धीमुर्धी मागितली नंतर. इथे ते टी-शर्टवर छापून घालतात लोक.

रॅरिटनकाठचा:
तुमचा टूलमेकर समजतो हो मला. त्याने मत दिलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. पण आपल्या ग्रुपवरच्या ट्रम्पवाल्यांपैकी कुणाची फॅक्टरी मेक्सिकोला गेलीय? उलट आपल्यातले किती जण त्या नोकऱ्या बाहेर नेण्याच्याच धंद्यात आहेत. टूलमेकरचा राग उसना घेऊन आपला टॅक्स वाचवायचा, हे मला खटकतं.

हिशेबी:
टॅक्स वाचवणं गुन्हा कधीपासून झाला? तुमच्या बाईंनी वॉल स्ट्रीटच्या गोल्डमन बँकेला तीन भाषणं दिली, पावणेसात लाख डॉलर घेतले. त्यांनी टूलमेकरबद्दल गळा काढायचा आणि मी टॅक्सबद्दल बोलायचंही नाही.

डेट्रॉईटची थंडी:
मी स्वतः हिलरीलाच देणार आहे, बायकोने मशिदीत जाणाऱ्या शेजाऱ्यांचं काय होईल म्हणून ठणकावलंय, ट्रम्पने डिसेंबरमध्ये मुसलमानांना देशात येऊच द्यायचं नाही म्हटलं होतं ते ती विसरलेली नाही. पण घोषणा देत देणार नाही, एवढंच.

मिनूची आई:
मला हिशेबींना एकच विचारायचंय. लास वेगासच्या डिबेटमध्ये त्याला सरळ विचारलं, हरलास तर निकाल मान्य करशील का. म्हणाला तेव्हाच सांगेन, सस्पेन्स ठेवतो. हे चालतं तुम्हाला?

हिशेबी:
डेमोक्रॅट उमेदवार गोरने तरी २००० ला निकाल कुठे लगेच मान्य केला? बुशला फोन करून अभिनंदन केलं आणि तासाभरात परत फोन करून मागे घेतलं. महिनाभर फ्लोरिडात मतपत्रिकांवरची भोकं मोजत बसले होते सगळे.

मिनूची आई:
फ्लोरिडात शेवटी फरक ५३७ मतांचा होता, साठ लाखांत. तिथे कुणीही फेरमोजणी मागितली असती. आणि सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबरला मोजणी थांबवली, गोरला पटली नाही, तरी दुसऱ्या दिवशी टीव्हीवर येऊन हार मानली त्याने. हा तर मतदान व्हायच्या आधीपासून सभांमधून सांगत फिरतोय की सगळं फिक्स आहे. हरला आणि म्हणाला की मी जिंकलोच होतो, तर तुम्ही कुणाचं ऐकणार, मोजणाऱ्यांचं की त्याचं?

हिशेबी:
आधी हरू तर दे त्याला.