जुनी आरसी (रिमोटवरची) गाडी पोटमाळ्यावरून काढलीत? मोटर राहू द्या, आधी रेडिओ बदला

टिळकवाडीचा तात्या

बेळगावात हल्ली चाळिशी ओलांडलेली बरीच मंडळी पोटमाळ्यावरचे खोके खाली काढताहेत. कुणाकडे आखातातल्या मामानं आणलेली टामिया या जपानी कंपनीची हॉर्नेट, कुणाकडे ग्रासहॉपर. दोन्ही मॉडेलं १९८४ ची. काहींनी तीच गाडी नव्या किटच्या रूपात परत घेतलीय. सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो: आतलं जुनं सगळं फेका, ब्रशलेस (कार्बन नसलेली) मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) असा जोड घ्या, लायपो (लिथियमची बॅटरी) घाला, उडवा.

मला हे पटत नाही. खिशात ठरावीक पैसे असतील तर पहिल्यांदा रेडिओ (हातातला रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर), मग चार्जर, मग सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि ईएससी. मोटर अगदी शेवटी. आणि स्पष्टच बोलायचं तर बहुतेकांनी ती बदलूच नये.

रेडिओ पहिला का? आपल्या वेळचा सेट २७ मेगाहर्ट्झचा. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरमध्ये क्रिस्टलची जोडी, त्यावर रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. दोघांकडे लाल निघाला की एकानं गाडी बंद करून काठावर बसायचं. त्यात मोटरच्या ठिणग्यांचा गोंधळ रिसीव्हरपर्यंत पोचायचा, म्हणून मोटरला कपॅसिटर डकवायचे, तरी स्टिअरिंग मधूनच थरथरायचं. आता २.४ गिगाहर्ट्झचा सेट रिसीव्हरशी एकदा बाइंड केला (जोडून दिला) की मैदानात कितीही गाड्या असोत, कुणाला विचारायला नको. आपल्याकडं हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. फ्लायस्काय, रेडिओलिंक, डम्बोआरसी यांचे स्वस्तातले सेटसुद्धा त्या काळच्या महागड्या सेटांना मागं टाकतात.

दुसरी गोष्ट. जुन्या गाडीतला स्पीड कंट्रोलर म्हणजे एक जादा सर्व्हो. तो धातूच्या पट्ट्यांवरून एक हात फिरवायचा आणि कमी वेगाला उरलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळायचा. त्या रेझिस्टरचा चटका ज्यानं खाल्लाय तो विसरणार नाही. तो प्रकार बिनधास्त काढा आणि साधा ब्रश्ड (कार्बनवाल्या मोटरचा) ईएससी घाला, हॉबीविंगच्या क्विकरन १०६० सारखा. सर्व्होचं वजन जातं, बॅटरी जास्त वेळ पुरते. किटातली ५४० मापाची मोटर आहे तशीच ठेवा.

उद्यमबाग लेथवाला

तात्या, काय सांगालाय! रेडिओचं शंभर टक्के बरोबर. मोटरचं मात्र उलटं बोलालाय.

किटमध्ये येणारी ती चंदेरी ५४० मोटर बंद डब्याची. मिक्सरचा कार्बन गेला तर गल्लीतला माणूस नवीन बसवून देतो. हिचा गेला की अख्खी मोटर टाकायची. आणि आपल्याकडची धूळ बघा की. खानापूरकडं तांबडी, गोकाक-अथणीकडं काळी. बारीक धूळ आत जाते, कार्बनबरोबर कम्युटेटरही (कार्बन ज्यावर टेकतो तो भाग) घासून काढते.

ब्रशलेस म्हटलं की लोकांना वाटतं गाडी हवेत जाणार. तसं नाही हो. सेन्सरवाली (रोटर कुठं आहे ते ईएससीला सांगणारी) मोटर घ्यायची, २१.५ टर्नची. टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे, ते जास्त तेवढे फेरे कमी. वेग त्या चंदेरी मोटरच्याच आसपास, पण थंड चालते, बॅटरी कमी खाते, बेअरिंग सोडलं तर झिजायला आत काही नाही. पुढं वाटलं तर तोच ईएससी ठेवून १३.५ टर्न घाला. तुमचा १०६० मात्र ब्रशलेस मोटर कधीच चालवणार नाही. म्हणजे तुमच्या सल्ल्यानं माणूस दोनदा पैसे घालणार.

निपाणीकर

वेग नको तर आरसी कशाला घ्यायची? रिमोटचा ट्रॅक्टर घ्या पोरांना. 😄

टिळकवाडीचा तात्या

निपाणीकर, तुमच्यासारख्यांमुळंच लिहावं लागतं.

लेथवाले, २१.५ टर्न घेणारा माणूस दाखवा मला. लोक घेतात ३३०० केव्हीचा सेन्सर नसलेला जोड, कारण तो स्वस्त मिळतो. आता गुणाकार करा. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. टू-एस (दोन सेलांची) लायपो पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट. ३३०० गुणिले ८.४, झाले २७,७२० फेरे, भार नसताना. चंदेरी मोटर पंधरा हजारांच्या अलीकडं-पलीकडं. ग्रासहॉपरला तर मुळात ५४० सुद्धा नव्हती, ३८० ची बारकी मोटर होती. तो गिअरबॉक्स, ते डिफरन्शियल, तो टबासारखा चासी त्या हिशोबानं केलेला. चाळीस वर्षांचं प्लास्टिक आतून कडक झालेलं असतं. पहिल्या दगडाला पुढचा आर्म तुटणार आणि स्पेअरची वाट बघत गाडी पुन्हा पोटमाळ्यावर.

शिवाय सेन्सर नसलेली मोटर सुटताना अडखळते. रोटर कुठं उभा आहे ते ईएससीला फेरे सुरू झाल्याशिवाय कळत नाही. हळू चालवून वळण घ्यायला शिकणाऱ्या पोराला हे फार त्रासाचं.

त्या पैशात बॉल बेअरिंगचा सेट घ्या. बऱ्याच किटांत प्लास्टिकचे बुश येतात. ते काढून बेअरिंग बसवलं की त्याच मोटरवर गाडी मोकळी धावते. हे कुणी सांगत नाही, कारण बेअरिंगच्या सेटवर काय डोंबलाचा फायदा सुटणार!

वडगावची ताई

तुम्ही दोघं मोटरवर भांडताय. घरात जपायची वस्तू आहे ती बॅटरी. आमचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, आणि मुलाला गाडीचं वेड, म्हणून लिहिते.

तात्या, 'मोटर ब्रश्ड ठेवा' म्हटल्यावर लोक ऐकतात 'सगळं जुनं ठेवा', आणि सहा सेलांचा ७.२ व्होल्टचा एनआयएमएच (निकेलवाला) पॅक परत घेतात. तो वापरायचा असेल तर वापरा, पण त्यात शहाणपणा आहे असं नाही. महिनाभर ठेवला की आपोआप उतरतो. गाडी ओढायला लागली की व्होल्टेज बसतं. लायपो ७.४ ची, म्हणजे कागदावर किरकोळ फरक, पण शेवटपर्यंत दमानं वीज देते. तुमच्या ब्रश्ड मोटरलासुद्धा.

अट एकच, जुन्या सवयी सोडायच्या. आपण एनआयएमएच गाडी थांबेपर्यंत पळवायचो. लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. म्हणून ईएससीला लायपोचा कट-ऑफ (व्होल्टेज उतरलं की वीज तोडणारी सोय) हवाच, आणि तो चालू आहे का ते आधी बघायचं. १०६० ला त्यासाठी छोटा जंपर (पिनांवर बसवायची टोपी) असतो. बॅटरीचा प्रकार त्यावर ठरवायचा, आणि तो चुकीच्या जागी ठेवून गाडी पळवणारे भरपूर. कट-ऑफ नसलेला जुना ईएससी ठेवणार असाल तर पॅकच्या बॅलन्स वायरीला (प्रत्येक सेलसाठी असलेल्या बारीक वायरी) लावायचा बझर मिळतो, तो लावा.

चार्जरवर काटकसर नको. बॅलन्स चार्जरच पाहिजे, प्रत्येक सेल ४.२ ला नेऊन थांबवणारा. ५००० एमएएचच्या पॅकला ५ अँपिअर, त्याहून जास्त नको. आठवडाभर गाडी काढणार नसाल तर स्टोरेज मोडवर सेलमागे ३.८ व्होल्ट करून ठेवा. पूर्ण भरून एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवलात तर फुगणारच. फुगलेला पॅक दाबून परत डब्यात बसवायचा नाही. चार्ज होताना खोलीत माणूस पाहिजे, रात्री लावून झोपायचं नाही.

एक फायद्याची गोष्ट: बऱ्याच बॅलन्स चार्जरना १२ व्होल्टचं इनपुट असतं. लाईट गेली तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून काम होतं. वायरी उलट लावू नका म्हणजे झालं.

निपाणीकर

ताई, एवढं सगळं वाचून लायपोची भीतीच बसली की.

वडगावची ताई

भीती नको. गॅस सिलिंडर घरात ठेवताच ना?

उद्यमबाग लेथवाला

ताईंचं सगळं मान्य, आणि त्यातूनच माझा मुद्दा पुढं जातोय. लायपोला कट-ऑफ पाहिजे, नवा ईएससी पाहिजे. नवा ईएससी घ्यायचाच तर सेन्सरवाला ब्रशलेस का नको?

मोटर बदलणाऱ्यांसाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट. ५४० मापाच्या मोटरचा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा, त्यामुळं पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) बसतो कुठलाही, दात मात्र जुळत नाहीत. टामियाच्या रोडवाल्या चासींना बहुतेक ०.६ मॉड्युल (दातांचं मिलिमीटरातलं माप) लागतं. बाजारात जिकडंतिकडं मिळतो ४८ पिच (तेच माप इंचांत). २५.४ भागिले ०.६ केलं तर येतात ४२ च्या वर, ४८ नाही. हाताला दोन्ही सारखेच वाटतात, पळवल्यावर स्पर गिअरचा (पिनियन फिरवतो त्या मोठ्या चाकाचा) भुगा होतो. हॉर्नेटसारख्या जुन्या बग्गींना ०.८ मॉड्युल. ते ३२ पिचच्या इतकं जवळ आहे की चालून जातं. लोक मोटरला शिव्या घालतात, आणि दोष असतो पिनियनचा. आमच्याकडं कटर आहे म्हणून पोरं येतात पिनियन पाडून घ्यायला. एवढ्या बारक्या नगाला सेटिंग करण्यात जाणारा वेळ बघता, विकत घ्या बाबांनो.

खानापूरकर

मी दोघांच्याही विरुद्ध. रेडिओसुद्धा बदलू नका. आमच्याकडं भात कापल्यावर मोकळ्या शेतात मी एकटाच गाडी पळवतो. २७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत आजही परवानामुक्तच आहे, क्रिस्टलची भांडणं करायला दुसरी गाडीच नाही. जुना फुटाबा कंपनीचा रेडिओ अजून चालतो. चालतंय ते कशाला काढायचं?

आणि पावसाळ्याचं बोला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडं चिखल सोडून काही नसतं. 'वॉटरप्रूफ' ईएससी घेतला म्हणून मित्रानं ओढ्यातून गाडी काढली. ईएससी शाबूत, मोटरचं बेअरिंग गंजून जाम. ब्रशलेसचंच.

टिळकवाडीचा तात्या

खानापूरकर, एकटे असाल तरी बदला, कारण फेलसेफ. तुमच्या जुन्या सेटचा ट्रान्समीटर बंद पडला किंवा गाडी टप्प्याबाहेर गेली की रिसीव्हर मिळेल तो कचरा सिग्नल म्हणून घेतो. पूर्ण थ्रॉटलवर अडकलेली गाडी समोर रस्त्यावर गेली तर? २.४ च्या सेटला सिग्नल तुटल्यावर थ्रॉटल न्यूट्रलला किंवा ब्रेकवर न्यायला सांगता येतं. मात्र ते स्वतः सेट करावं लागतं. चाकं वर करून गाडी ठोकळ्यावर ठेवा, थ्रॉटल थोडा दाबलेला असतानाच ट्रान्समीटर बंद करा, चाकं थांबली पाहिजेत. स्वस्त सेटमध्येही हे आहे. ज्याला वेग पाहिजे त्यानं तर आधी हे करायचं. ऐकताय ना निपाणीकर?

जुना सर्व्हो नव्या रिसीव्हरला लावणाऱ्यांनी प्लगही तपासा. काही जुन्या जपानी सर्व्होंत धन आणि ऋण वायरींची जागा आजच्यापेक्षा वेगळी असते. प्लग आत जातो म्हणजे जुळला असं नाही.

निपाणीकर

ऐकालोय. मग मी काय घेऊ ते सांगा. गाडी टामियाची टीटी-०२, नवीन. बजेट एकदाच, बायको दुसऱ्यांदा देणार नाही.

उद्यमबाग लेथवाला

सेन्सरवाला जोड, १७.५ टर्न. बेअरिंग. टू-एस हार्डकेस (कडक कवचाची) लायपो. विषय संपला.

टिळकवाडीचा तात्या

नवा चासी आहे म्हणून १७.५ ला हरकत घेत नाही. पण चार्जर आणि रेडिओ घेऊन पैसे उरले तरच. नाहीतर किटातली मोटर आणि १०६०.

वडगावची ताई

पॅक आधी मागवा. लिथियम बॅटऱ्या बहुतेक कुरिअरवाले विमानानं घेत नाहीत, पुण्या-मुंबईहून रस्त्यानं येतात, वेळ लागतो. बाकीचं सामान येऊन पडतं आणि माणूस बॅटरीसाठी तळमळतो. मग कुणीतरी खेळण्यातला बिननावाचा पॅक आणून देतं. आणि कनेक्टर बघून घ्या. पांढरा टामिया प्लग जास्त करंटला गरम होऊन वितळतो, एक्सटी६० लावा. सोल्डरिंग येत नसेल तर दुकानात या, पण पॅकच्या दोन्ही वायरी एकदम कापून आणू नका, कात्रीतून शॉर्ट होतो.

खानापूरकर

लेथवाले, तुमची २१.५ टर्नची गाडी आहे का खरंच, की नुसतं लिहिताय?

उद्यमबाग लेथवाला

हाय की! येळ्ळूरच्या बाजूला शेत मोकळं झालंय. रविवारी तात्यांनी त्यांची हॉर्नेट आणावी, मी माझी आणतो. दोन्ही एकाच पॅकवर पळवू आणि मोटरवर बोट ठेवून बघू कुठली जास्त तापते.

टिळकवाडीचा तात्या

येतो. पॅक माझा, एनआयएमएच.

उद्यमबाग लेथवाला

मग नको.