चोर म्हणालात ग्रुपवर, माफी लिफ्टपाशी?

सी-४०१ काकू: परवा रात्री इथे सायकलवरून जे लिहिलं गेलं त्याबद्दल बोलायचंय. सायकल काल पंपरूमच्या मागे सापडली. बी विंगच्या मुलांनीच खेळताना लपवली होती. 'वॉचमनच चोर, आधी हाकला याला' असं लिहिणारे आज गप्प का?

ए-२०३: काकू, सायकल मिळाली ना? संपवा आता 🙏

सी-४०१ काकू: तुमच्यासाठी संपलं असेल. वॉचमन मामा काल सकाळी गेटवर स्वतःची पत्र्याची पेटी उघडून बसले होते. दोन शर्ट, दाढीचं सामान, नातीचा फोटो. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होते, "बघा साहेब, बघून घ्या." मला बघवलं नाही.

बी-३०४: रागाच्या भरात लिहिलं मी. नऊ हजारांची सायकल होती. मामांना लिफ्टपाशी सॉरी म्हटलंय.

सी-४०१ काकू: चोर म्हणालात ११२ जणांसमोर. माफी ग्रुपवरच हवी.

ए-१०२: आज पाणी किती वाजता?

सेक्रेटरी: सातला, टाकी धुतायत. सर्वांना नम्र विनंती, भाषा जपून वापरा.

ए-५०१: जपून? परवा त्या मेसेजला तुम्हीच अंगठा दिलात.

सेक्रेटरी: वाचला म्हणून दिला! आता ॲडमिनलाच फाशी द्या.

बी-१०१ वकील काका: सदस्याच्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. पण लिहिणारा सुटत नाही. बदनामी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. व्हॉट्सॲपवर लिहिलं म्हणून माफ नाही.

डी-२०२: सायकललाच ग्रुपमध्ये ॲड करा, तीच साक्ष देईल 😂

सी-४०१ काकू: बाळा, पेटी तुझ्या बाबांना उघडावी लागली असती तर हसला असतास?

डी-२०२: सॉरी काकू.

ए-२०३: म्हणजे आता तोंडच उघडायचं नाही? मोटरच्या बिलावर विचारलं तेव्हाही मलाच गप्प बसवलं.

खजिनदार: विचारलंत नव्हे. गच्चीवर 'खाल्ले' म्हणालात. माझ्या बायकोच्या कानावर आलंय.

ए-२०३: मी नाही म्हणालो!

खजिनदार: मग कोण म्हणालं ते सांगा.

बी-१०१ वकील काका: थांबा दोघं. बिल दाखवा म्हणणं हा सभासदाचा हक्क आहे. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं बघायला सहकार कायद्यात तरतूद आहे, वार्षिक सभा आहे. विचारा, शंभरदा विचारा. 'खाल्ले' म्हणालात की पुरावा तुम्ही द्यायचा.

सी-४०१ काकू: खजिनदार भाऊ निदान इथे उत्तर तरी देऊ शकतात. मामा ग्रुपवर नाहीत. त्यांना चोर ठरवलं ते त्यांना दूधवाल्याकडून कळलं. माफी ग्रुपवरच हवी.

बी-३०४: ठीक आहे. माझ्या लिहिण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व.

सी-४०१ काकू: 'असेल तर' कशाला? दुखावलंय. आणि 'कोणाचं' म्हणजे कोणाचं?

ए-२०३: आता शब्द पण तुम्हीच सांगणार का?

बी-३०४: _हा मेसेज डिलीट केला गेला_

ए-१०२: पाणी सातला म्हणजे सकाळी की संध्याकाळी?

बी-३०४: मी वॉचमन मामांना चोर म्हटलं. माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. सायकल माझ्याच मुलाच्या मित्रांनी ठेवली होती. मी चुकलो, मामांची माफी मागतो. हेच कागदावर लिहून सही करून गेटच्या बोर्डावर लावतो, म्हणजे मामांना आणि दूधवाल्यालाही दिसेल.

सेक्रेटरी: माझा अंगठा मी काढलाय. तेव्हाच थांबवायला हवं होतं.

सी-४०१ काकू: मामा आठला ड्यूटीवर येतात. बोर्डाची किल्ली माझ्याकडे आहे. मुलालाही घेऊन या.

बी-३०४: येतो काकू.