राजदूत ३५०: दोन कार्बोरेटर जुळेनात, डावा सायलेन्सर गार

मंगळवारपेठकर_आरडी:
मंडळी, वडिलांची १९८५ची राजदूत ३५० आहे (म्हणजे यामाहाची आरडी ३५०), लो टॉर्क, म्हणजे कमी ताकदीचं मॉडेल. बरीच वर्षं झाकून उभी होती, आता रस्त्यावर काढली. किकला उठते, पण स्लोला (एक्सलेटर सोडल्यावर) धड बसत नाही. डाव्या सायलेन्सरवर हात ठेवता येतो इतका तो गार, उजवा मात्र पोळतो. एक्सलेटर जरा उघडला की हिसके देते आणि पुढं गेलं की एकदम सुटते. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला हँडल धरवत नाही इतकं थरथरतं.

इथल्या एका मेकॅनिकनं दोन्ही कार्बचे स्लोचे स्क्रू पिळून स्लो वाढवून दिला. आता दसरा चौकात सिग्नलला थांबलो की सगळे वळून बघतात, हिसके आहेत तसेच. ऑनलाइन व्हॅक्यूम गेजची जोडी बघून ठेवलीय. घेऊ का? आणि दोन कार्ब सिंक करायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

उद्यमनगर_लेथवाला:
गेज घेऊ नकोस बाळ. ते पैसे प्लग, पॉइंट आणि सीलला लागतील. ती गेजं चार सिलिंडरच्या फोरस्ट्रोकला कामाची. तुझी टूस्ट्रोक, त्यात रीड व्हॉल्व्ह (इंजिनात हवा घेणाऱ्या पातळ पात्या). कुठनं तरी जोडलीस तरी सुई नुसती नाचत राहणार.

आरडीत जुळवायचं ते दोन स्लाइडचं, म्हणजे कार्बमध्ये वर-खाली होऊन हवा कमीजास्त करणाऱ्या झडपांचं, उचलणं. मुठीतनं एक केबल येते आणि खाली तिचे फाटे होतात: दोन कार्बला, एक ऑइल पंपाला (इंजिनात टूस्ट्रोकचं टूटी ऑइल सोडतो तो). मूठ पिळली की दोन्ही स्लाइड एकाच क्षणाला हलल्या पाहिजेत. स्लोचा स्क्रू फक्त स्लाइड खाली कुठवर येऊन टेकणार ते ठरवतो. आधी कुठली उचलणार ते कार्बच्या डोक्यावरच्या केबल ॲडजस्टरवर असतं. तुझ्या माणसानं तिकडं बघितलेलं दिसत नाही.

पण आधी दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघ. या गाडीला प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट (ठिणगी केव्हा पडायची ते ठरवणारा स्विच) वेगळा आणि टायमिंगही वेगळं. गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेव आणि टायमिंग एकेका बाजूचं स्वतंत्र लाव. प्लग दोन्हीकडं एकच, बी८एचएस. कॉम्प्रेशन गेज कुणाचं तरी मागून आण (हे गेज मात्र कामाचं) आणि दोन आकडे जवळपास येतात का बघ. उभ्या गाडीची क्रँक सील (क्रँकच्या दोन टोकांची रबरी सील) कडक होतात. डावं गेलं की बाहेरची हवा ओढते, स्लो आपोआप चढतो आणि लवकर उतरत नाही. क्लचच्या बाजूचं म्हणजे उजवं गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा धूर सोडते. असलं काही असेल तर कार्ब कितीही फिरव, उपयोग शून्य.

डावा गार आहे म्हणजे स्लोला तो सिलिंडर जळतच नाही. माझा संशय डाव्या स्लो जेटवर (स्लोला पेट्रोल सोडणारी बारीक नळी). काढून उजेडाला धर, छिद्र आरपार दिसलं पाहिजे. तारेनं कोरू नकोस, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये बुडवून ठेव आणि हवा मार.

आता स्लाइड. फिल्टरच्या बाजूचे रबरी बूट काढ, म्हणजे स्लाइड समोरनं दिसतात. स्लोचे दोन्ही स्क्रू इतके मागं घे की स्लाइड पूर्ण खाली बसतील. सायकलचा एक जुना स्पोक घे आणि त्याचेच दोन तुकडे कर. जाडी एकच पाहिजे, म्हणून एकाच स्पोकचे. मूठ थोडी पिळून एकेका स्लाइडखाली एकेक तुकडा अडकव. आता मूठ अगदी सावकाश उघड. दोन्ही तुकडे एकदम सैल झाले तर जुळलं. एक आधी पडला तर ती स्लाइड आधी उचलतेय. तिचा ॲडजस्टर थोडा आत घाल, म्हणजे केबल सैल होईल. मग मूठ पूर्ण पिळून दोन्ही स्लाइड तोंडातनं पार वर जातात का बघ. हँडल डावी-उजवीकडं पूर्ण वळवूनही बघ. वळवल्यावर एखादी स्लाइड हलली तर केबल चुकीच्या वाटेनं नेलीय.

मग एअर स्क्रू, म्हणजे स्लोच्या मिश्रणातली हवा ठरवणारा. हलक्या हातानं टेकेपर्यंत आत, तिथनं दीड फेरा बाहेर. दाबून बसवलास तर बसायची जागा खराब होते आणि कार्ब जन्माचा बाद. गाडी गरम करून आण. दोन्ही सायलेन्सरमागं तळवे धर, धाप दोन्हीकडनं सारखी लागली पाहिजे. स्लोचे स्क्रू सारखे सारखे फिरवत मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या आसपास आण.

सगळ्यात शेवटी ऑइल पंप. कार्बची केबल हलवलीस की पंपाचं सेटिंगही हलतं. पुलीवरची खूण मॅन्युअलात सांगितल्याप्रमाणं जुळव. हे सोडलंस तर एखाद्या चढाला पिस्टन जाम होईल, आणि मग तू माझ्याकडंच बोअरिंगला येशील.

कागलकर:
काकांनी सगळं सांगितलंय, फक्त पेट्रोलचं राहिलं. ऊस आपला, कारखाने आपले, तेव्हा पेट्रोलात मिसळतात त्या उसाच्या इथेनॉलला नावं कुठल्या तोंडानं ठेवायची? पण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, ई२०ला (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साडेतेराच्या आसपास. १९८५ सालच्या जेटिंगला हे मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी नि हवा जास्त, पडणारच. मी स्लाइडमधल्या सुईची (मधल्या रेसला पेट्रोल किती जाणार ते ती ठरवते) क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर आली. मधल्या रेसला फरक पडला. टाकीच्या कॉकचे जुने रबरी वॉशरही बदलून टाक. आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बाऊल (कार्बच्या तळची पेट्रोलची वाटी) रिकामा कर. इथेनॉल पाणी धरतं, जेटमध्ये हिरवट थर बसतो तो त्यानंच.

उद्यमनगर_लेथवाला:
बरोबर, पण सुईला शेवटी हात लाव. पाव मुठीच्या आतला हिसका स्लो जेट आणि एअर स्क्रूचा, पाव ते पाऊण सुईचा, त्यापुढं मेन जेट. याचा त्रास पाव मुठीच्या आत आहे. आधीच सुई हलवली तर कशानं काय झालं ते कळणार नाही.

मंगळवारपेठकर_आरडी:
काका, डावा स्लो जेट पूर्ण बंदच होता, हिरवा थर. साफ केला. स्पोकचा तुकडा उजवीकडचा आधी पडायचा, डावी स्लाइड बरीच मागं होती. ते जुळवलं. आता दोन्ही सायलेन्सर सारखे तापतात, स्लो बसला, हिसका गेला. कॉम्प्रेशनमध्येही दोन्हीकडं फारसा फरक नाही. सुईला हात लावला नाही. पण पंपाची खूण काही केल्या जुळत नाही. ॲडजस्टर संपला तरी पंपाची केबल सैलच राहते. केबल बाजारातली नवी टाकलीय.

उद्यमनगर_लेथवाला:
मग त्या केबलचा पंपाचा फाटा लांब आहे, बाजारातल्या केबलींचं असं होतं. काढून घेऊन ये, तार कापून टोकाचं निप्पल (केबल अडकते तो मणी) नवीन डाग देऊन बसवू, अर्ध्या तासाचं काम. तोपर्यंत टाकीत लिटरला २० मिली टूटी ऑइल मिसळून गावातल्या गावात चालव. धूर जास्त येईल, येऊ दे. पन्हाळा नाही.