भाऊचा धक्का आणि बोटीचे दिवस : तुमच्याही आठवणी लिहा

सागरगोटी : काल भाच्यासोबत मांडव्याला जायला रो-रोत बसले. गाडी बोटीच्या पोटात, आम्ही वर वाऱ्यावर. पण भाऊच्या धक्क्यावर सुकी मासळी आणि डिझेलचा वास नाकात शिरला आणि लहानपणची बोट आठवली. हर्णैला ती लांब खोल पाण्यात उभी राहायची. होडीतून तिथवर जायचं. लाटेने होडी वर उचलली की त्याच क्षणी खलाशी पोरांना बखोटीला धरून बोटीत घ्यायचे. आईचा जीव ट्रंकेत आणि आमच्यात अर्धा अर्धा. लिहा ना तुम्हीही.

वेंगुर्ल्याची लेक : कोकण सेवक!! डेकवर सतरंजी टाकून रात्र काढायची.

माडबन : माका बोट भारी लागायची. बापूस खिशात आवळासुपारी घेवन यायचो. मालवणाक पाय टेकलो काय सगळा बरा.

रेवसकर : आमच्या घरात बोटीचा विषय निघाला की आजी उठून आत जायची. तिचा भाऊ 'रामदास'वर होता. १७ जुलै १९४७, गटारीची अवस, सणाला गावी निघालेली माणसं. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली, सहाशेवर गेले. कोळ्यांनी जमेल तितके ओढून होड्यांत घेतले. तो नाही सापडला.

सागरगोटी : रेवसकर, काय बोलू. आजीला नमस्कार.

जुनी मुंबई : आजचा माझगावचा धक्का नंतरचा बरं का. भाऊ अजिंक्यांनी १८४१च्या सुमारास बांधला तो मूळचा, कर्नाक बंदराकडे. पोर्ट ट्रस्ट आलं १८७३ला, म्हणजे धक्का त्याच्याही आधीचा. एका मराठी माणसाचं एवढं मोठं काम, तिथे रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना माहीत असायला हवं.

गिरगावकर : बंदराचा विषय आहे म्हणून लिहितो. १४ एप्रिल १९४४ला वडील मशीद बंदरला होते. व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकिन'वर कापूस आणि दारूगोळा एकत्र! आधी धूर, मग स्फोट. सोन्याच्या विटा उडाल्याचं सगळे सांगतात, वडील मात्र अग्निशमनवाल्यांबद्दलच बोलायचे. ती माणसं आगीकडे धावत होती म्हणायचे.

वेंगुर्ल्याची लेक : कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. कोकण शक्तीचा फोटो आहे का कुणाकडे?

पिंट्या_अलिबाग : रो-रोत बाईक घेतात का? पावसाळ्यात चालू असते?

सागरगोटी : घेतात रे. पावसात गेटवेच्या लाँचा बंद, ही चालते. समुद्र फारच खवळला तर फेरी रद्द करतात, आधी विचारून निघ.