सरकारी दवाखाना आहे, डॉक्टर आहेत, तरी उपचार नीट का होत नाहीत? नक्की अडतं कुठे?

मुक्ता_म

आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, तिचं सगळं सरकारी हॉस्पिटलातच चालू आहे कारण प्रायव्हेट आम्हाला झेपणारं नाही. दर महिन्याला जावं लागतं. आधी केसपेपरची लाईन, मग डॉक्टरची, रक्त द्यायची वेगळी, शेवटी औषधांच्या खिडकीपुढे परत उभं राहायचं आणि एवढं करून डॉक्टरसमोर बसली न बसली तोच पुढच्या माणसाचं नाव पुकारतात. त्यात दर वेळी डॉक्टर नवा. मागच्यानं एक गोळी वाढवलेली, ती का वाढवली ते यावेळच्याला माहीत नाही, पेपरवरचं अक्षर त्यालाही लागत नाही, मग तो आईलाच विचारतो "आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आणि आई सांगते "एक पांढरी बारकी, एक गुलाबी". आणि ह्याच्यावर पुढचं औषध ठरतं!

मागच्या वेळी तर त्यातली एक गोळी खिडकीवर नव्हतीच. "बाहेरून घ्या" म्हणाले. आईनं मला काही न सांगता ती गोळी घेणंच सोडून दिलं, पैसे कशाला घालवायचे म्हणून. पाय सुजले तेव्हा कळलं.

घरात रोज यावरून वाद. काका म्हणतात मोफत मिळतंय तर एवढं चालायचंच, भाऊ म्हणतो डॉक्टर वाढवले की सगळं सुटेल. मला दोन्ही पटत नाही. कमी नक्की काय आहे, पैसा, माणसं की दुसरंच काही? आणि जगात कुठे तरी साध्या माणसाला सरकारी सेवा नीट मिळते का, मिळत असेल तर त्यांनी वेगळं काय केलं? ज्यांनी आतून बघितलंय त्यांनी सांगा प्लीज. नुसत्या शिव्या नकोत, त्या मी रांगेत पुष्कळ ऐकते.


रात्रपाळी

मी सरकारीत स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं. मुक्ता, आधी आईची ती गोळी परत सुरू करा, डॉक्टरला दाखवून. बाकीचं नंतर बोलू.

आता आतलं सांगते. बीपी घ्यायचं तर पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला पाहिजे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आणि पट्टा उघड्या दंडावर, कपड्यावरून नाही. हे आम्हाला सगळ्यांना शिकवलेलं आहे. ओपीडीत काय होतं? माणूस दोन तास उभा राहून, जिना चढून आलेला असतो, मागचे ढकलत असतात, एकच मशीन, त्याच्या पट्ट्याचं चिकटणारं टोक झिजलेलं म्हणून तो आम्ही हातानं दाबून धरतो. वाचन वर येतं. डॉक्टर गोळी वाढवतो. खरं बीपी किती होतं देवाला ठाऊक. आता यात अडाणी कोण आहे सांगा? कुणीच नाही. माहीत सगळ्यांना आहे, करायला वेळ आणि जागा नाही.

आणि खिडकीवर औषध का नसतं तेही सांगते कारण लोकांना वाटतं आम्ही लपवून ठेवतो. पुढच्या वर्षाची मागणी करताना बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षी किती वाटप झालं तो आकडा बघतात. मागच्या वर्षी चार महिने ती गोळी आलीच नसेल तर वाटप कमी दिसणार, मग मागणी कमी जाणार, मग यंदा ती आणखी लवकर संपणार. जे लोक "बाहेरून घ्या" ऐकून परत गेले त्यांची नोंद कुठेच नसते. म्हणजे कागदावर त्या गोळीची गरजच नव्हती! याचा मला इतका राग येतो की काय सांगू.


आकडेमोड

सिस्टरनी वेळेचं लिहिलंय त्यावर एक मोठा अभ्यास आहे, २०१७ चा, ६७ देशांतले आकडे एकत्र करून केलेला. पहिल्या पायरीवरचा, म्हणजे माणूस सगळ्यात आधी ज्याच्याकडे जातो तो डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतो ते बघितलं होतं. स्वीडनमधे साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. जगातली निम्मी लोकसंख्या अशा देशांत राहते जिथे हा वेळ पाच मिनिटं किंवा त्याहून कमी आहे. ४८ सेकंदांत तुम्ही माणसाला नाव, त्रास आणि चालू औषधं एवढं तरी विचारून दाखवा. शक्यच नाही, मग हात आपोआप त्याच चार-पाच औषधांकडे जातो.

दुसरं, मुक्ताताईंच्या मूळ प्रश्नावर. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या एका आयोगानं २०१८ मधे हिशोब मांडला होता की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षाला साधारण ८६ लाख माणसं अशा आजारांनी जातात जे उपचारांनी वाचण्यासारखे असतात. त्यातले ३६ लाख दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. आणि ५० लाख पोचतात, उपचारही मिळतात, पण ते इतके कच्चे असतात की जीव जातो. पोचून दगावलेले जास्त आहेत! म्हणून फक्त इमारती आणि खाटा मोजून आरोग्यसेवा वाढली म्हणणाऱ्यांशी माझं कायम भांडण असतं. किती जणांचं बीपी खरंच आटोक्यात आलं ते मोजा ना. जगात साधारण १४० कोटी मोठ्या माणसांना बीपी आहे आणि त्यातल्या फक्त पाचातल्या एकाचं आटोक्यात आहे, डब्ल्यूएचओचाच (जागतिक आरोग्य संघटनेचाच) आकडा, आणि याची औषधं काही नवीन किंवा दुर्मीळ नाहीत.


वाट_दूरची

आकडेमोड, तुमचं बरोबर असेल पण ३६ लाख हा आकडा तुम्ही जरा घाईत ओलांडून पुढे गेलात. शहराजवळ राहणाऱ्याला दर्जाचा प्रश्न आधी दिसतो, कारण त्याला दवाखाना तरी दिसतो.

बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल १९९४ मधे दोन अभ्यासकांनी तीन उशिरांची मांडणी केली होती, आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना ती पाठ असते. पहिला उशीर घरात, जायचं की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. मी ज्या भागात आरोग्य कार्यकर्ता म्हणून फिरतो तिथे हे तिन्ही एकाच बाईच्या वाट्याला येताना बघितलेत. रक्त जायला लागलं की सासू म्हणते थोडं थांबू, कारण नवरा कामावर आहे आणि पैसे त्याच्याकडे आहेत. मग गाडी शोधायची. मग पोचल्यावर कळतं भूल देणारा डॉक्टर नाहीये, पुढे न्या. रेफरची चिठ्ठी हातात ठेवली की इथल्यांची जबाबदारी संपली! पुढे कसं जायचं, तिथे कुणाला फोन केलाय का, रक्त मिळणार का, कोण बघतं? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव उपचार न मिळता चालू राहिला तर काही तासांत जीव घेतो हो.

आणि यातला पहिला उशीर तिसऱ्यामुळेच होतो हे लक्षात घ्या. गेल्या वेळी शेजारणीला नेलं तेव्हा तिला ओरडले, थांबवून ठेवलं, पुढे पाठवलं. ती गोष्ट अख्ख्या वस्तीला माहीत असते. मग सासू "थांबू" म्हणते ती अडाणी म्हणून नाही म्हणत.


आकडेमोड

वाट_दूरची, शेवटचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. वाईट अनुभव आला की पुढची माणसं पोचतच नाहीत, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांत अडकलेले आहेत. तरी मी म्हणेन की रस्ता आणि गाडी देऊन माणूस आणलात आणि आत भूलतज्ज्ञच नसेल तर तुम्ही त्या कुटुंबाचा विश्वास उलट आणखी घालवलात.


नेहमीचा_वाचक

जगात कुठे नीट चालतं हे विचारलंय म्हणून लिहितो.

मला सगळ्यात जवळचं उदाहरण कोस्टा रिकाचं वाटतं. श्रीमंत देश नाही. १९९० च्या दशकात त्यांनी अख्खा देश छोट्या छोट्या भागांत वाटला आणि साधारण चार-पाच हजार लोकांमागे एक टीम नेमली, एक डॉक्टर, एक नर्स, नोंदी ठेवणारा एक माणूस आणि घरोघर फिरणारा एक कार्यकर्ता. हा कार्यकर्ता आजारी माणूस यायची वाट बघत नाही, तो घरी जातो, कोण गरोदर आहे, कुणाचं बीपी वाढलंय, कोण एकटं राहतं सगळं लिहून घेतो आणि ते टीमकडे राहतं. मुक्ताच्या आईला तिथे "पांढरी बारकी" असं सांगायची वेळ आली नसती कारण ती कुणाची पेशंट आहे हे ठरलेलं असतं. औषध बंद केलं तर कुणीतरी दारात येऊन विचारलं असतं. तिथलं सरासरी आयुर्मान ८० च्या आसपास आहे, अमेरिकेपेक्षा जास्त, आणि खर्च तिच्या मानानं कितीतरी कमी.

थायलंडचं लोक नेहमी सांगतात, ३० बाथमधे (बाथ म्हणजे तिथलं चलन) उपचार, २००२ चा कायदा. ते खरंय, पण त्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षं त्यांनी काय केलं ते कुणी सांगत नाही. १९८० च्या दशकात तर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांची वाढ काही वर्षं थांबवून पैसा तालुक्याच्या दवाखान्यांकडे वळवला होता. नवीन डॉक्टरांना ग्रामीण भागात सेवा सक्तीची होती. म्हणजे आधी दवाखाना उभा राहिला, त्यात माणसं आली आणि मग योजना जाहीर झाली. उलटं केलं की योजनेचं कार्ड घेऊन माणूस रिकाम्या खोलीत जाऊन उभा राहतो.

ब्रिटनची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, १९४८ पासून आहे, तिथेही ठरलेल्या उपचारांसाठी थांबलेल्या केसेसची यादी २०२२ मधे ७० लाखांच्या वर गेली, त्यामुळे एकदा उभं केलं की कायमचं झालं असं काही नसतं. आणि तिथल्याच एका डॉक्टरनं, ज्यूलियन ट्यूडर हार्ट, वेल्समधल्या कोळसाखाणीच्या गावात आयुष्यभर काम केलं त्यानं, १९७१ मधेच लिहून ठेवलंय की जिथे गरज सगळ्यात जास्त तिथेच चांगली सेवा सगळ्यात कमी पोचते, आणि बाजाराच्या हातात जेवढं जास्त द्याल तेवढं हे वाढत जातं. त्याला वाचून मला सरकारी सेवेबद्दल बोलायचं बळ आलं असं म्हणेन.


साधा_प्रश्न

पण मग इन्शुरन्सचं काय? सरकारनं सगळ्यांना विम्याचं कार्ड द्यावं आणि ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ द्यावं, प्रायव्हेटमधे पण. रांगाच कमी होतील ना.


रात्रपाळी

कार्डाचा उपयोग होतो, नाही म्हणत नाही. ऑपरेशन आलं, ॲडमिट व्हावं लागलं तर कार्डानं घर वाचलेलं मी बघितलंय. पण बहुतेक योजना ॲडमिट झाल्यावर लागू होतात. मुक्ताच्या आईचा खर्च कशाचा आहे? रोजच्या गोळीचा, तपासणीचा, जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या कामाच्या दिवसाचा. हे अशा कार्डात बसत नाही. म्हणजे गोळीला पैसे नाहीत म्हणून ती बंद, मग अर्धांगवायू, मग मात्र कार्ड चालू आणि लाखाचं बिल मंजूर. हे बघून जीव तुटतो, कारण तो बेड आमच्याच वॉर्डात असतो आणि त्या माणसाचा हात परत हलत नाही.


मुक्ता_म

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं. भावाला नेहमीचा_वाचक यांचं दाखवलं, तो म्हणतो डॉक्टर वाढवायलाच हवेत पण आधी कुणाला कुठला पेशंट ते ठरलं पाहिजे. एवढं तरी मान्य केलं!

सिस्टर, तोपर्यंत आमच्या हातात काय आहे ते सांगाल का? मला रोज कामावर सुट्टी मिळत नाही, आईला एकटीला पाठवावं लागतं आणि ती डॉक्टरपुढे काही बोलत नाही.


रात्रपाळी

एक जाड वही करा, सुटे कागद नको, ते हरवतातच. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चालू औषधं लिहा, गोळीचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम आणि कधी घ्यायची. कंपनीचं नाव नको, ते दर वेळी बदलतं. मागे तारखेवार बीपी आणि शुगर. आणि कुठलंही औषध वाढवलं किंवा बंद केलं की "हे का केलं ते एका ओळीत लिहा" असं डॉक्टरलाच सांगायचं, बहुतेक जण लिहितात, त्यांनाही पुढच्या वेळी सोपं पडतं. रिकामी पाकिटं पिशवीत ठेवून सोबत द्या. आई बोलली नाही तरी वही बोलेल.

घराजवळच्या छोट्या आरोग्य केंद्रात विचारा, बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या कितीतरी ठिकाणी तिथेच मिळतात आणि लाईन कमी असते. मोठ्या हॉस्पिटलला मग काही महिन्यांनी एकदा आणि त्रास वाढला तर. आणि खिडकीवर गोळी नसली तर तिथून तसंच घरी यायचं नाही, परत डॉक्टरकडे जाऊन ह्याच्याऐवजी दुसरी उपलब्ध गोळी चालेल का विचारायचं. बऱ्याचदा चालते.


वाट_दूरची

सिस्टरच्या बोलण्यात एक भर घालतो. गोळी नसेल तेव्हा "आज उपलब्ध नाही" असं केसपेपरवर लिहून घ्या आणि त्याच्या फोटोसोबत हॉस्पिटलच्या प्रमुखांच्या नावे चार ओळींचा अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या. आम्ही वस्तीतल्या लोकांचे असे अर्ज एकत्र करून दिले, कुणावर आरोप न करता, फक्त औषधाचं नाव, तारीख आणि किती जण परत गेले. पुढच्या मागणीच्या वेळी तिथल्या फार्मासिस्टनं स्वतः ते कागद मागून घेतले, म्हणाला वर दाखवायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.