घरी व्यायामासाठी काय घेऊ? बजेट ३०००, जागा वन बीएचके

तळमजला_नाही:
नमस्कार मंडळी. वय ४३, वजन ७०, डोंबिवली. सकाळची लोकल आणि रात्री आठनंतर घर, त्यामुळे जिमचं गणित जमत नाही. चालणं भरपूर होतं पण ताकद म्हणाल तर भरलेला सिलिंडर किचनपर्यंत नेला की दिवसभर कंबर धरून बसावं लागतं. डॉक्टर म्हणाले मणक्यात काही नाही, व्यायाम करा. ऑनलाइन २० किलोचे कॉम्बो दिसतायत, डंबेल, रॉड, ग्लोव्ह्ज, दोरी सगळं एकात. घेऊ का? आणि दाराला लावायचा पुलअप बार कोणी वापरलाय का? खाली कुटुंब राहतं, आदळआपट चालणार नाही.

सांगलीचा_पैलू:
एक रुपया घालवू नका. जोर आणि बैठका. आमच्या तालमीत पोरं ह्यावरच तयार झाली, कोणाच्या घरी डंबेल नव्हतं. फारच हौस असेल तर सुताराकडून सागवानी मुद्गलाची एक जोडी करून घ्या, खांदे आणि मनगटं अशी होतील की सिलिंडर म्हणजे पिशवी वाटेल.

रविवारी_सुट्टी:
जोरांना माझा पूर्ण पाठिंबा, मुद्गलाला वन बीएचकेत नाही, पंखा आणि ट्यूबलाइट दोन्ही जातील ;)

तळमजला, मुद्दा असा आहे की ढकलायचे व्यायाम घरात फुकट होतात. साध्या पुशअपमध्ये हातावर शरीराच्या वजनाचा साधारण ६५ टक्के भार येतो, म्हणजे तुम्हाला ४५ किलोच्या आसपास, एवढं डंबेल तुम्ही विकत घेणार आहात का? जड वाटलं तर हात ओट्यावर ठेवून करा, सोपं झालं की पाय दिवाणावर. पायांचंही तसंच. बैठका चांगल्याच, पण ३०-४० सलग जायला लागल्या की पुढे दम वाढतो, ताकद फारशी नाही, तेव्हा मागचा पाय दिवाणावर टेकवून एका पायावर बसा-उठा, दहा झाले तरी घाम फुटेल.

अडतं ते ओढायच्या व्यायामात. पाठ, दंड, पकड. जमिनीवर आडवं पडून काहीच ओढता येत नाही. म्हणून पैसे घालायचे तर तिथेच घाला.

कॉम्बो मात्र नको. त्यातल्या स्वस्त प्लेट बहुतेक प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या असतात. आमच्याकडे भावाने आणलेला सेट आहे, प्लेटच्या कडेचा जोड उकलला आणि आता उचलला की फरशीवर राखाडी भुगा पडतो. शिवाय सिमेंट लोखंडापेक्षा बरंच हलकं, म्हणून पाच किलोची प्लेट थाळीएवढी होते आणि हातात धरून वाकलं की मांडीला अडते. डंबेल हवेच असतील तर कास्ट आयर्नच्या प्लेट सेकंडहँड किलोवर मिळतात, त्या शोधा. लोखंडाला काय जुनं नि काय नवं.

पुलअप बारचं म्हणाल तर चौकटीच्या पट्टीवर अडकवायचे जे येतात त्यांना भिंतीबाहेर आलेली पट्टी लागते, आपल्याकडे चौकट बहुतेक भिंतीला सपाट असते, अडकणार कशाला? दुसरे पिळून घट्ट बसवायचे, ते नुसत्या दाबावर उभे राहतात, ग्रॅनाइटच्या किंवा सनमायका लावलेल्या चौकटीत घसरू शकतात. खालच्यांना आवाज जाईल तो तुमचाच.

त्यापेक्षा लेटेक्सची लांब गोल बँड आणि दारात अडकवायचा पट्टा घ्या, दोन्ही मिळून हजाराच्या आत बसावं. दार आपल्यापासून पलीकडे उघडतं त्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे ओढलं की दार चौकटीवर बसतं, उघडून अंगावर येत नाही. तरी कडी लावाच.

आणि एक विचारतो, हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या आहेत का?

नीलमावशी:
सगळे छाती आणि दंडाच्या मागे लागलेत. कंबर धरते म्हणून त्यांनी विचारलंय ना! मी ५८ ची, हाडं ठिसूळ व्हायला लागल्यात म्हणून फिजिओकडे जात होते, तिने आधी वाकायलाच शिकवलं. पाठ सरळ ठेवून कुल्ले मागे ढकलायचे, गुडघे थोडे सैल, आणि वजन अंगाला चिकटून वर. मी नातवाच्या दप्तरात पाच किलो आट्याची पिशवी घालून सुरुवात केली, आता दोन पिशव्या आणि वर जुने दिवाळी अंक. आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते, नुसतं चालून भागत नाही हो. फक्त श्वास कोंडू नका, उचलताना सोडायचा, बीपीवाल्यांनी तर नक्कीच.

आणि ते बँड गॅलरीत उन्हात टाकू नका. चिरा पडतात, ताणलेला तुटला तर तोंडावरच येतो. दर वेळी वापरायच्या आधी नजर फिरवायची.

तळमजला_नाही:
मावशी, आट्याची आयडिया भारी, बायको म्हणाली नेलास तर पीठ परत डब्यात भरून दे.
रविवारी, कड्या आहेत की! बिल्डिंग जुनी आहे, स्लॅबमधूनच आलेल्या दोन कड्या, झोपाळा कधीच विकला, आता दिवाळीत एकीला आकाशकंदील. त्याचं काय करायचं? आणि आठवड्याला किती, कसं?

रविवारी_सुट्टी:
मग तुमचा पुलअप बारचा प्रश्नच मिटला. स्लॅबच्या सळईत अडकवून ओतलेल्या कड्या असतील तर झोपाळ्यावर दोन माणसं बसायचीच, फक्त गंज आणि भोवतीच्या प्लॅस्टरला भेगा बघून घ्या, शंका असेल तर माहितगार मिस्त्रीला दाखवा. नंतर कोणी ड्रिल मारून बसवलेली कडी असेल तर तिच्यावर लटकू नका. गॅलरीच्या ग्रिलवर तर अजिबात नको.

कड्यांना जिम्नॅस्टिकच्या रिंग पट्ट्याने लावायच्या, बजेटमध्ये बसतात, पट्टा लांब-आखूड होतो. रिंग कमरेच्या उंचीवर, टाचा जमिनीवर, अंग फळीसारखं सरळ ठेवून मागे झुकायचं आणि छाती रिंगकडे ओढायची. जितके आडवे व्हाल तितकं जड. पुलअप जमायला वेळ लागेल, हे पहिल्या दिवसापासून जमतं.

एक दिवसाआड करा. ओढायचं, ढकलायचं, एका पायाची बैठक आणि मावशींचं दप्तर, प्रत्येकी तीन सेट. अजून दोन निघाले असते असं वाटलं की थांबा. तिन्ही सेटमध्ये १२ सहज यायला लागले की अवघड करा, नाहीतर वर्षभर तेच करत बसाल. जेवणात डाळ, अंडी, पनीर, सोयाचंक काय चालतं ते वाढवा, पावडरीच्या नादी आत्ताच लागू नका.

सांगलीचा_पैलू:
रिंगांचं पटलं. पण जोरांमध्ये कमरेतून जो झोका येतो तो तुमच्या पुशअपला नाही, ते रोज दहा तरी घाला.

तळमजला_नाही:
घालतो. बँड तीन जाडीचे दिसतायत, कुठला?

नीलमावशी:
मधला. आणि मागवण्याआधी कंदिलाची वायर काढून घ्या.