काट्यावर १२५.३०, स्क्रीनवर ५.३० : पायथनमधून सिरिअल पोर्ट वाचताना आकडे गळताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन दिवस अडकलोय, म्हणून धागा काढतोय. प्रयोगशाळेत एक जुना डिजिटल वजनकाटा आहे. मागे नऊ पिनांचं आरएस-२३२ चं, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जुन्या सिरिअल पोर्टचं सॉकेट आहे. काटा अजून अगदी अचूक आहे, पण मॅन्युअल कधीच हरवलंय. काट्यावरचं प्रिंट बटण दाबलं की वजन थेट फाइलमध्ये जावं, एवढंच मला हवंय. हाताने लिहिताना चुका होतात.

यूएसबी कन्व्हर्टर लावलाय, लिनक्स आहे, पायथन ३ आणि पायसिरिअल (सिरिअल पोर्ट वाचायची पायथन लायब्ररी). सुरुवातीला पोर्ट उघडतच नव्हता, परवानगी नाकारली जायची. यूझरला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरिअल पोर्ट वापरायची परवानगी असलेला गट) घालून लॉगआउट-लॉगइन केल्यावर ते सुटलं. काट्याच्या मेनूत ९६०० बॉड (बिट पाठवण्याचा वेग) दिसतो, तोच दिलाय. बाकी सगळं डिफॉल्ट.

आता अडचण. रीडलाइन (एक पूर्ण ओळ वाचणारं फंक्शन) वापरलं तर प्रोग्रॅम तिथेच बसून राहतो, म्हणून टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, १ सेकंद दिला. तेव्हापासून बटण दाबल्यावर सेकंदभराने काहीतरी येतं. आलेल्या बाइटची अक्षरं करताना (डीकोड) यूटीएफ-८ चा एरर यायचा, तो 'इग्नोर' (न समजलेले बाइट सोडून दे) देऊन घालवला. आता एररही नाही आणि अडकणंही नाही, पण काट्यावर १२५.३० ग्रॅम असताना फाइलमध्ये +५.३० पडतं. काही वजनं मात्र तंतोतंत बरोबर येतात! भर म्हणजे काटा शून्य करण्यासाठी 'टी' हे अक्षर आणि पुढे कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण, कोड १३) पाठवतो, त्यालाही काटा दाद देत नाही.

केबल खराब असेल म्हणून कन्व्हर्टरच्या २ आणि ३ नंबरच्या (ऐकायची आणि पाठवायची) पिना एकमेकींना जोडून पाहिल्या. जे पाठवलं ते जसंच्या तसं परत आलं. बॉड रेट बदलून पाहिला तर सगळाच कचरा येतो. आता काय तपासू?

प्रतिसाद १

पिना जोडून पाहिल्या हे फार चांगलं केलंत, कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर संशयातून बाद झाले. पण त्या चाचणीत पाठवणारा आणि ऐकणारा एकच असतो, त्यामुळे सेटिंग चुकीची असली तरी ती स्वतःशी जुळतेच.

आधी तो 'इग्नोर' काढा. एरर तुम्हाला खरं सांगत होता, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. डीकोड न करता आलेले बाइट आकड्यांच्या यादीत छापा आणि इथे टाका. रीडलाइन अडकतं कारण ते फक्त लाइन फीडची (नव्या ओळीची खूण), म्हणजे १० ची वाट बघतं, आणि पायसिरिअलमध्ये टाइमआउट दिला नाही तर ही वाट अनंतकाळ बघितली जाते.

धागाकर्ता

१२५.३० ग्रॅम ठेवून हे आलं :

४३, १६०, १७७, १७८, ५३, ४६, ५१, ४८, १६०, २३१, १४१

प्रतिसाद २

ही यादी बघितल्याबरोबर उलगडलं. तुमचा काटा ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटीवर बोलतोय, आणि तुम्ही ८ बिट, पॅरिटी नाही असं (पायसिरिअलचं डिफॉल्ट) ऐकताय. पॅरिटी म्हणजे चूक ओळखता यावी म्हणून प्रत्येक अक्षरामागे जोडलेला एक जास्तीचा बिट.

'१' चा आस्की कोड (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला आकडा) ४९, म्हणजे सात बिटांत ०११०००१. यात १ तीनदा आला, विषम. इव्हन पॅरिटीत ती संख्या सम करायची म्हणून काटा पुढे आणखी एक १ जोडतो. आस्कीला सातच बिट लागतात, त्यामुळे हा जास्तीचा बिट नेमका आठव्या जागी बसतो. तुमच्या बाजूला तो डेटाच समजला जातो आणि ४९ मध्ये १२८ मिळून १७७ दिसतात. '५' मध्ये मात्र १ चार वेळा आहे, म्हणून ५३ चे ५३ च राहिले.

याच हिशोबाने ०, ३, ५, ६, ९ आणि दशांशचिन्ह शाबूत येतात, तर १, २, ४, ७, ८ बिघडतात. 'काही वजनं तंतोतंत येतात' ती याच पाच अंकांची असणार, ताडून बघा. ऑड पॅरिटी असती तर नेमकं उलट झालं असतं.

प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला आणि शेवटी खुणेचा एकेक बिट असतो. स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, स्टॉप बिट मिळून दहा. स्टार्ट, सात डेटा, पॅरिटी, स्टॉप मिळूनही दहाच. लांबी सारखी असल्यामुळे वेळेचा मेळ बसतो, म्हणून कुठेही फ्रेमिंगची (स्टॉप बिट जागेवर न सापडल्याची) तक्रार आली नाही. बॉड रेट चुकला तर सगळं बिघडतं. इथे निम्मे अंक नीट येतात, म्हणून ओळखायला कठीण.

शेवटचा १४१ बघा. त्यातून १२८ वजा केले की १३, म्हणजे कॅरेज रिटर्न. काटा लाइन फीड पाठवतच नाही, त्यामुळे रीडलाइन कधीच थांबणार नव्हतं. 'टी' चंही कोडं सुटलं : ८४ मध्ये १ तीनदा, १३ मध्येही तीनदा. तुम्ही आठवा बिट शून्य पाठवता, काट्याला ती पॅरिटीची चूक दिसते आणि तो आज्ञा टाकून देतो.

पोर्ट उघडताना बाइटसाइज ७ आणि पॅरिटी इव्हन द्या. रीडलाइनऐवजी रीड-अंटिल (आपण सांगू त्या खुणेपर्यंत वाचणारं फंक्शन) वापरा आणि शेवट म्हणून कॅरेज रिटर्न द्या. टाइमआउट राहू द्या, पण टाइमआउट झाला तर रीड-अंटिल अर्धवट ओळही परत देतं, म्हणून ओळ खरंच १३ ने संपते का हे तपासल्याशिवाय फाइलमध्ये लिहू नका. आणि डीकोड आस्कीने करा, 'इग्नोर'शिवाय.

धागाकर्ता

चाललं! पहिल्याच बटणाला १२५.३० आलं आणि 'टी' पाठवताच काटा शून्यावर गेला. बरोबर आलेली जुनी वजनं काढून पाहिली : ३६.०५, ९०.५०, ५३.६०. अगदी तेच पाच अंक. मनापासून आभार.

एकच शंका. तीन दिवसांच्या नोंदी त्या जुन्या फाइलमध्ये आहेत. त्या दुरुस्त करता येतील का?

प्रतिसाद २

कच्चे बाइट ठेवले असते तर प्रत्येकातून आठवा बिट काढून सगळं परत मिळालं असतं. 'इग्नोर'ने मात्र ते अंक वाचतानाच फेकून दिले. फाइलमधलं +५.३० खरंच ५.३० होतं, १२५.३० होतं की ४५.३०, हे आता सांगता येणार नाही. अंकांची जागा भरणाऱ्या मोकळ्या जागाही गळल्यात, त्यामुळे बरोबर दिसणाऱ्या नोंदींवरही विसंबू नका. ज्यांची वजनं हाताने लिहिलेली नाहीत ते नमुने पुन्हा तोला. आणि इथून पुढे कच्चे बाइट वेगळ्या फाइलमध्ये वेळेसकट ठेवत जा.

धागाकर्ता

नमुने जपून ठेवलेत, आजच पुन्हा तोलायला घेतो. कच्च्या बाइटची फाइलही सुरू केली. काट्याच्या मागे '९६००, ७ बिट, इव्हन, शेवट १३' अशी चिठ्ठी चिकटवली आहे, पुढच्या माणसासाठी.